आधी स्पीकर, मग ॲम्प: जुन्या लाऊडस्पीकरची निवड, दुरुस्ती आणि जुळवणी

जुन्या वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) जाळी काढली आणि कोनाच्या (पुढच्या शंकूसारख्या पडद्याच्या) कडेच्या फोमला बोट लावलं, की बऱ्याचदा तो ओल्या बिस्किटासारखा चिकटतो आणि त्याचा काळपट चुरा बोटाला लागतो. अशा वेळी बघणारे दोन टोकाचे निष्कर्ष काढतात. कुणी म्हणतं, गेला हा, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, चालतोय की, वाजवा. दोन्ही चूक. फोम हा स्पीकरचा झिजणारा भाग आहे, सायकलच्या टायरसारखा. तो बदलला की कोन, कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) आणि मॅग्नेट अजून पंचवीस वर्षं काम देऊ शकतात. पण तसाच वाजवला तर कॉइल तिरपी होऊन मॅग्नेटच्या फटीत घासते, आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या फोमपायी अख्खा वूफर जातो.

या लेखाचा आग्रह एकच आहे. आधी स्पीकर ओळखा, मोजा, नीट करा. ॲम्प्लिफायर त्यानंतर, त्या स्पीकरच्या स्वभावाप्रमाणे निवडा. घरात आहे त्या ॲम्पला मिळेल तो जुना स्पीकर जोडायचा आणि "जुन्या मालात दम नाही" म्हणायचं, हा त्या मालावर अन्याय आहे.

घेण्याआधी: बोटं, कान आणि मल्टीमीटर

जुना स्पीकर कोल्हापुरात कुठूनही हाती येतो. घर रिकामं करणारे लोक असतात, भंगारवाले असतात, मंडप डेकोरेशनचा धंदा बंद केलेले असतात. जाताना तीन वस्तू न्या: मल्टीमीटर, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल आणि दोन वायरी.

पहिलं काम बोटांचं. दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून कोन अगदी हलका, सरळ आत दाबा. तो कापसासारखा आवाज न करता आत जायला हवा. 'खर्र' असं बारीक घासणं जाणवलं तर कॉइल फटीत टेकते आहे किंवा फटीत कचरा आहे. कोन हलतच नसेल तर कॉइल जळून फुगली आहे किंवा पडल्यामुळे मॅग्नेट सरकलं आहे. सरकलेलं मॅग्नेट पुन्हा बसवणं घरचं काम नव्हे, असा नग सोडून द्या.

दुसरं मोजमाप. मल्टीमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून वायरीचा रोध बघा आणि तो वजा करा. स्पीकरचा डीसी रोध त्याच्या नाममात्र, म्हणजे मागे छापलेल्या, ओहमपेक्षा नेहमी कमी येतो. ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.६ दाखवतो, ८ ओहमचा ५.५ ते ७, आणि १५-१६ ओहमचा ११ ते १३. जोडीतल्या दोन नगांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एकाची कॉइल कधीतरी बदललेली असण्याची शक्यता मोठी.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात. मीटरवर सहाशे-सातशे ओहम आले म्हणून स्पीकर खराब समजू नका. फिलिप्सने आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्या) रेडिओंसाठी ८०० ओहमचे स्पीकर बनवले होते, ८ इंची ९७१० सुद्धा त्या प्रकारात येत असे. तो स्पीकर उत्तम असतो, पण आजच्या कुठल्याही ॲम्पवर कुजबुजेल. दुसरी फसगत मंडपातल्या कॉलम स्पीकरची आणि भोंग्यांची. अहुजासारख्या कंपन्यांच्या पीए (सभा-समारंभाच्या) सिस्टिमच्या स्पीकरमध्ये १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो. ट्रान्सफॉर्मरच्या १५ वॅटच्या टॅपवर (जोडणीवर) तो ॲम्पला सुमारे ६६७ ओहमचा दिसतो (१०० गुणिले १००, भागिले १५). घरी वापरायचा तर ट्रान्सफॉर्मर बाजूला काढून थेट आतल्या स्पीकरला वायर जोडावी लागते. तिसरी, स्पीकरला चार वायरी दिसल्या तर तो फील्ड कॉइलचा असू शकतो. त्यात कायमचं मॅग्नेट नसतं, वेगळा डीसी पुरवठा दिल्याशिवाय तो बोलत नाही. सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

शेवटी सेल. वायरी क्षणभर टेकवा. स्वच्छ 'टक' आणि कोनाची हालचाल दिसली पाहिजे. प्लस टोकाला सेलचा प्लस लावल्यावर कोन बाहेर यावा, असा संकेत आहे. जेबीएलच्या जुन्या स्पीकरमध्ये तो मुद्दाम उलटा, म्हणजे लाल टोकाला प्लस दिल्यावर कोन आत, असा होता. उलट हललं म्हणजे बिघाड असं धरू नका, फक्त दोन्ही नग सारखे हलतात ना ते बघा. ट्वीटरला (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला) सेल लावू नका. तो मल्टीमीटरने तपासावा आणि आवाज ऐकायचा असेल तर ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सिरीजमध्ये घालूनच.

अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) मॅग्नेटचा स्पीकर मिळाला तर तो जपून हाताळा, धक्का आणि आपट यांनी त्याची ताकद कमी होते. १९७८ च्या सुमारास तेव्हाच्या झैरेमधल्या (आजच्या काँगोमधल्या) अशांततेमुळे कोबाल्ट महाग झाला आणि बहुतेक कंपन्या फेराइटच्या (लोखंडाच्या ऑक्साइडच्या) मॅग्नेटकडे वळल्या. म्हणून अल्निको म्हणजे त्याआधीचा, हा अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो. पण केवळ अल्निको आहे म्हणून दुप्पट किंमत मोजण्यात अर्थ नाही. कोन आणि कॉइल शाबूत असलेला फेराइटचा स्पीकर फाटक्या अल्निकोपेक्षा केव्हाही बरा.

उघडायचा कुठे

हे कोल्हापूरकरांना मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडे घरटी एखादा तरी माणूस उद्यमनगरात किंवा शिरोलीत, कारखान्यांच्या वसाहतीत, असतो आणि "आण की वर्कशॉपवर, टेबल मोकळंय" म्हणतो. लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर चालणाऱ्या जागी स्पीकर उघडू नका. टेबल कितीही पुसलं तरी लोखंडाचा भुसा हवेत, कपड्यांवर, पान्यांवर असतो. कोनाच्या मधली धुळीची टोपी काढलेला स्पीकर तो भुसा ओढून घेतो आणि फट असते जेमतेम एक-दीड मिलिमीटरची. एक कण गेला तरी कॉइल घासायला पुरे. भुसा गेलाच असेल तर फुंकून निघत नाही. जाड कागदाच्या पट्टीला मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, फटीत घालून गोल फिरवा, टेप बदला, पुन्हा फिरवा. आठ-दहा वेळा करावं लागतं.

घरच्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून काम करा. पितळी किंवा प्लॅस्टिकची अवजारं वापरा. पोलादी स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटजवळ गेला की हातातून सुटून थेट कोनातून आरपार जातो, कोन फाटण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच.

फोम बदलणे

सगळ्याच जुन्या स्पीकरला फोम नसतो. १९५०-६० च्या स्पीकरची कड बहुधा कापडाची किंवा कोनाच्याच कागदाच्या चुण्यांची असते. ती फाटलेली नसेल तर हात लावू नका. वरून चकचकीत लेप देऊन ती कडक करू नका, तसं केलं की स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या वर सरकते आणि खर्ज गायब होतो. फोम साधारण १९७० नंतरचा, आणि दमट हवेत तो पंधरा-वीस वर्षांत विरघळतो.

नवा फोम मागवताना "आठ इंची" एवढंच सांगून भागत नाही. चार मापं घ्या: फ्रेमच्या बसणीचा बाहेरचा व्यास, फोमच्या गोलाईचा बाहेरचा व्यास, गोलाईचा आतला व्यास आणि कोनाच्या कडेचा व्यास. एखाद्या मापात तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी कोन वर-खाली ओढला जातो.

आधी वूफर कुठल्या बाजूने वर होता त्याची खूण करून काढा. जुना फोम बोथट सुरीने खरवडा. फ्रेमवरचा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. कागदी कोनाच्या कडेवर द्रव ओतू नका, कापसाचा बोळा जेमतेम ओला करून हलक्या हाताने फिरवा. थोडा जुना गोंद राहिला तर राहू द्या, कोनाचा कागद सोलून निघण्यापेक्षा ते परवडतं.

मग कॉइल मध्यावर आणणे. हा सगळ्या कामाचा गाभा आहे. मधली धुळीची टोपी धारदार ब्लेडने कडेकडेने कापून जपून ठेवा. आत मॅग्नेटचा खांब आणि त्याभोवती कॉइलची नळी दिसेल. घरातली जुनी एक्स-रे फिल्म घ्या, तिच्या एक सेंटिमीटर रुंद आणि पाच-सहा सेंटिमीटर लांब अशा चार पट्ट्या कापा. खांब आणि नळी यांच्या मधल्या फटीत त्या चार दिशांना समोरासमोर घाला. पट्ट्या सहज जाव्यात पण ढिल्या राहू नयेत. फार ढिल्या असतील तर दुहेरी करा. आता कॉइल अगदी मध्यावर धरली गेली.

आता फोम आधी कोनाला चिकटवा. कागदी कोन आणि फोम यांना पांढरा फेविकॉल चालतो, रबराच्या कडेला मात्र फेविबॉण्डसारखा रबरी गोंद लागतो. पातळ, सलग थर द्या, दोन-दोन इंच दाबत पुढे जा. कोनाकडची बाजू किमान चार तास वाळू द्या, मगच फ्रेमकडची चिकटवा. फ्रेमकडचा गोंद ओला असताना पट्ट्या तशाच ठेवून कोन दोन-चार वेळा सरळ वर-खाली करून बघा, फोम कुठे ओढला जात नाही ना. कपड्यांच्या चिमट्यांनी कड दाबून ठेवा. इतर वेळी चोवीस तास पुरतात, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस द्या. आपल्याकडे जुलैत फेविकॉल दुसऱ्या दिवशीही आतून ओला असतो आणि घाईने वाजवलेला वूफर तिसऱ्या मिनिटाला तिरका होतो.

पट्ट्या काढल्यावर टोपी चिकटवण्याआधी फोनमधून ३० हर्ट्झचा सूर अगदी बारीक आवाजात द्या. कोन मुकाट हलला पाहिजे. खरखर आली तर अजून टोपी उघडी आहे, पट्ट्या घालून फोमची फ्रेमकडची बाजू पुन्हा करता येते. म्हणून टोपी सगळ्यात शेवटी. आणि बॉक्समध्ये परत बसवताना वूफर आधीच्या खुणेपासून अर्धा फिरवून, म्हणजे वरची बाजू खाली करून बसवा. वर्षानुवर्षं स्वतःच्या वजनाने खाली झुकलेला स्पायडर (कॉइलला मागून धरणारी चुणीदार चकती) आता उलट दिशेला सावरतो.

क्रॉसओव्हर

बॉक्सच्या आतली वायरिंग सोडवण्याआधी फोनवर फोटो काढा. जुन्या क्रॉसओव्हरमध्ये (खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात आणि त्यांचा मायक्रोफॅरडचा आकडा वयानुसार सरकतो. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर ट्वीटर सुमारे ४,२०० हर्ट्झपासून वर काम करतो. तोच कंडेन्सर ६.८ पर्यंत सरकला तर ती हद्द २,९०० वर येते. ट्वीटरला न पेलणारा खालचा आवाज त्याच्या नाजूक कॉइलवर पडतो. आवाज आधी कर्कश होतो, मग ट्वीटर जातो.

बदलताना फिल्म कंडेन्सर घ्या. ऑडिओचे खास कंडेन्सर पुण्या-मुंबईहून मागवता येतात, पण त्यासाठी अडून बसायची गरज नाही. छताच्या पंख्याला लागणारे ४४० व्होल्टचे २.५ आणि ३.१५ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर मेटलाइज्ड पॉलिप्रोपिलीनचेच असतात. २.५ चे दोन समांतर जोडले की ५ होतात, ४.७ च्या जागी ते चालतात. वूफरच्या बाजूला जास्त मायक्रोफॅरड हवे असतील तर शेतीपंपाचे 'मोटर रन' कंडेन्सर त्याच जातीचे. दुकानदाराला 'रन' असंच सांगा. 'स्टार्ट' कंडेन्सर हा इलेक्ट्रोलिटिक असतो, तो इथे निरुपयोगी. नवीन फिल्म कंडेन्सरने ट्वीटर जरा जास्त पुढे आला असं वाटलं तर त्याच्या सिरीजमध्ये अर्ध्या ओहमचा ५ वॅटचा रोध घाला, जुन्या कंडेन्सरचा अंगचा रोध त्याने भरून निघतो. बदल दोन्ही बॉक्समध्ये सारखाच करा, एकाच बाजूला करू नका.

क्रॉसओव्हरमधल्या तारेच्या गुंडाळ्या, म्हणजे इंडक्टर, सहसा बिघडत नाहीत. आवाज कमी-जास्त करायचे मागचे गोल नॉब मात्र गंजतात. एआर (अकूस्टिक रिसर्च) या अमेरिकन कंपनीच्या एआर-३ए सारख्या स्पीकरमध्ये "मिडरेंज (मधल्या सुरांचा स्पीकर) गेला" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तो नॉबच आतून हिरवा झालेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीस-तीस वेळा फिरवा.

ॲम्प किती वॅटचा

बॉक्सच्या मागे "१०० वॅट" लिहिलेलं असतं ते स्पीकर किती सोसेल याबद्दल. किती मागेल ते संवेदनशीलतेवरून कळतं: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. दर ३ डीबीला वॅट दुप्पट लागतात, १० डीबीला दहापट. आता हिशेब करू. १२ बाय १४ फुटांची खोली, बैठक स्पीकरपासून तीन मीटरवर. अंतराने सुमारे ९ डीबी जातात, दोन स्पीकर आणि खोलीच्या भिंती मिळून ६ परत देतात. म्हणजे एका वॅटला बैठकीवर स्पीकरच्या आकड्यापेक्षा ३ कमी. तबल्याची थाप किंवा चढा सूर मोकळा यावा म्हणून बैठकीवर ९५ डीबीची शिखरं धरू.

९६ डीबीचा स्पीकर: बैठकीवर ९३, हवेत आणखी २, म्हणजे १.६ वॅट. ८८ चा: १० वॅट. ८३ चा, जसा बीबीसीचा छोटा एलएस३/५ए: ३२ वॅट. हे काठावरचे आकडे, प्रत्यक्षात दुप्पट ठेवा. म्हणून मोठ्या मॅग्नेटच्या, हलक्या कागदी कोनाच्या जुन्या फुल-रेंजला (सगळे सूर एकटा वाजवणाऱ्या स्पीकरला) ६व्ही६ व्हॉल्व्हचा चार-पाच वॅटचा सिंगल एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हचा) ॲम्प भरपूर होतो आणि तोच ॲम्प एआरच्या बंद पेटीला जोडला तर मरगळलेला वाटतो. दोष दोघांपैकी कुणाचाच नसतो.

स्पीकरचा आकडा माहीत नसेल तर ज्याचा माहीत आहे असा एखादा नवा बॉक्स उसना आणा. दोन्ही ८ ओहमचे असले तर एकाच ॲम्पवर, व्हॉल्यूमला हात न लावता, दोघांवर पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला सलग सळसळाट) वाजवा. एक मीटरवर फोन ठेवून आवाज मोजायच्या ॲपवरचे दोन आकडे घ्या. फोनचा आकडा खरा नसला तरी दोघांतला फरक बऱ्यापैकी खरा असतो, तेवढा पुरे.

कमी वॅटच्या ॲम्पने स्पीकर जळत नाही हा समज चुकीचा आहे. लहान ॲम्प पूर्ण फिरवला की लाटेचे माथे कापले जातात, त्या कापलेल्या कडांतून वरच्या कंपनांची ऊर्जा ट्वीटरकडे जाते आणि तो आधी जातो. ॲम्पवरच्या मोठ्या आकड्यावरही जाऊ नका. झाकण उघडून ट्रान्सफॉर्मर बघा. १२-०-१२, ३ ॲम्पिअर म्हणजे ७२ व्होल्ट-ॲम्पिअर. त्यातून दोन्ही बाजू मिळून चाळीस वॅटच्या वर खरं काही निघत नाही, बाहेर ८०० वॅट पीएमपीओ (जाहिरातीतला फुगवलेला आकडा) छापलेलं असलं तरी.

ओहम जुळवणे

व्हॉल्व्हच्या काळात १५-१६ ओहमचे स्पीकर सर्रास होते. ट्रान्झिस्टर आल्यावर चित्र बदललं. टॅनॉय या ब्रिटिश कंपनीने १९६७ मध्ये मॉनिटर गोल्ड स्पीकर आणला तेव्हा आधीच्या मॉनिटर रेडचे १५ ओहम ८ वर आणले ते याच कारणाने. १६ ओहमचा स्पीकर ट्रान्झिस्टर ॲम्पला जोडला तर धोका काही नाही, वॅट मात्र निम्मे मिळतात: ८ ओहमला ५० देणारा ॲम्प १६ ला सुमारे २५ देतो. स्पीकर संवेदनशील असेल तर ते जाणवतही नाही. उलट ४ ओहमचा स्पीकर "किमान ८ ओहम" लिहिलेल्या ॲम्पला लावला तर हीटसिंक तापतो आणि एखाद्या रात्री आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो. ८-८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ झाले, हे विसरू नका.

व्हॉल्व्ह ॲम्पला मागे ४, ८, १६ असे टॅप असतात, स्पीकरप्रमाणे जोडा. दुपटीचा फरक एकवेळ चालतो. पण व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टर ॲम्पचं उलट आहे: त्याला मोकळं चालतं, शॉर्ट चालत नाही.

क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर या सगळ्या नियमांबाहेरचा. नाव १६ ओहमचं, पण वरच्या सुरांत तो २ ओहमच्या खाली येतो, शिवाय पडद्यांवर ६ हजार व्होल्टपर्यंतचा दाब. दमट हवेत तो दाब ठिणगी टाकतो. आपल्या पावसात तो जपायची तयारी असेल तरच घ्यावा.

आवळ की सैल

वॅट आणि ओहम जुळले तरी एखादा जुना फुल-रेंज चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर कोरडा, खर्ज नसलेला वाजतो. ट्रान्झिस्टर ॲम्पचा स्वतःचा रोध ०.१ ओहमहूनही कमी असतो, तो कोनाला घट्ट धरतो. व्हॉल्व्ह ॲम्पचा रोध एक ते चार ओहम, तो कोनाला थोडं मोकळं सोडतो. मोठ्या मॅग्नेटचा हलका कोन आधीच आवरलेला असतो, त्याला आणखी आवळलं की खालचे सूर दबतात. त्या काळचे असे अनेक स्पीकर व्हॉल्व्ह ॲम्प धरूनच बनवलेले.

यासाठी व्हॉल्व्ह ॲम्प विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. स्पीकरच्या प्लस वायरीत १ ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रोध घालून ऐका. मग २ ओहमचा. एका ओहमला आवाज साधारण १ डीबीने उतरतो, त्याबदली तंबोऱ्याचा खर्ज आणि बायाँची घुमारी परत येते. खर्ज पसरट, गुबगुबीत झाला की पाव ओहम मागे या. दहा-वीस रुपयांचा हा प्रयोग हजारोंच्या खरेदीआधी करून बघावाच. एआरसारख्या बंद पेटीला मात्र हा रोध नको, तिला घट्ट हातच लागतो. आणि चढउतार जास्त असलेल्या तीन-मार्गी क्रॉसओव्हरला रोध घातला की आवाजाचा रंगच बदलतो.

वायर हाही रोधच. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन सुमारे ०.१२ ओहम घालते, ८ ओहमला पुरेशी. ४ ओहमला २.५ घ्या. विजेच्या दुकानातली साधी चांगल्या कंपनीची वायर यासाठी उत्तम आहे.

नवा ॲम्प बांधायचा असेल तर ८८ ते ९६ डीबीच्या स्पीकरला दोन एलएम१८७५ आयसी पुरतात: १८-०-१८, ३ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज, दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे कंडेन्सर. ८ ओहमला सुमारे २० वॅट मिळतात. कमी संवेदनशील स्पीकरला एलएम३८८६ घ्या. व्हॉल्व्हमध्ये ईएल८४ च्या पुश-पुल जोडीचे १२ ते १५ वॅट ही मधली उत्तम वाट.

जुना ॲम्प पहिल्यांदा चालू करताना

वर्षानुवर्षं बंद असलेला ॲम्प थेट प्लगमध्ये घालू नका. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड वापरा, त्यात ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. व्हॉल्व्ह ॲम्पला या वेळी स्पीकरऐवजी ८ ओहम, १० वॅटचा रोध लावा.

ट्रान्झिस्टर ॲम्पला स्पीकर जोडण्याआधी, बल्ब काढून पूर्ण व्होल्टेजवर, स्पीकरच्या टोकांत डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर असेल तर जोडू नका. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आवाजाचा सिग्नल आत घेणाऱ्या जाळीला) जाणारे जुने कागदी कंडेन्सर सरसकट बदला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर घाला. ते गळायला लागले की ग्रिडवर प्लस व्होल्टेज येतं आणि व्हॉल्व्हची प्लेट लालभडक होते. आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. १० किलोओहम, १० वॅटचा रोध इन्सुलेटेड चिमट्यांनी पंधरा सेकंद धरा, मीटरने शून्य झालं ते बघा, मगच हात घाला. याची सवय नसेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या.

रात्री उशिरा बऱ्याच भागांत व्होल्टेज चढतं. २५० व्होल्टला व्हॉल्व्हचा ६.३ व्होल्टचा हीटर (आतली तापणारी तार) ६.८ वर जातो, व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. स्टॅबिलायझर लावा. परदेशातून आलेला १०० किंवा १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर त्याच्या गरजेच्या दुपटीचा घ्या.

खोली आणि बैठक

जुन्या वाड्यातली मातीची भिंत आणि लाकडी तुळयांचा माळा आवाजाला आयत्या चांगल्या. नव्या फ्लॅटमध्ये टाइल्स आणि सिमेंटच्या समोरासमोर भिंती असतात. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, 'टर्र' असा शेपटासारखा आवाज आला तर तिथे जुना काय, कुठलाच स्पीकर नीट वाजणार नाही. आपल्याकडची जाड घोंगडी यावर मोठी कामाची आहे. ती भिंतीला चिकटवून न लावता तीन-चार इंच पुढे, काठीवर टांगा. ज्या जागी आरसा धरला की बैठकीवरून स्पीकर दिसतो, ती बाजूच्या भिंतीवरची नेमकी जागा. जमिनीवर जाजम.

उंचीचा विचार बैठकीप्रमाणे करा. खुर्चीत कान जमिनीपासून मीटरभर उंचीवर येतात, गादीवर मांडी घातली की ७५-८० सेंटिमीटर. ट्वीटर कानाच्या पातळीला हवा. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फुटांपासून सुरुवात करा, खर्ज कमी वाटला तर मागे न्या. स्टँड पोकळ लोखंडी असेल तर त्यात कोरडी वाळू भरा. व्हार्फडेल या ब्रिटिश स्पीकर कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्जने १९५० च्या दशकात बॅफलच्या (स्पीकर बसवायच्या पाटाच्या) दोन फळ्यांमध्येच वाळू भरली होती, तत्त्व तेच: वाळू कंप गिळते. फौंड्रीला लागणारी सिलिका वाळू आपल्याकडे सहज मिळते, पण न वापरलेली आणि कोरडी मागा. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट आणि पाणी असतं, स्टँड आतून गंजेल.

जुळवणी झाली का हे शेवटी माणसाच्या गळ्यावरून ठरवा. देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ पासून असलेल्या गावात मैफलीतला आवाज ऐकलेले कान कमी नाहीत. ख्यालाची एखादी ओळखीची रेकॉर्ड लावा, जुनी असेल तर मोनोवर. 'आ'कार छातीतून आल्यासारखा वाटला पाहिजे, नाकातून नव्हे. नाकातून वाटला तर आधी स्पीकरची दिशा बदला, मग रोध, मग क्रॉसओव्हर. ॲम्प सगळ्यात शेवटी.

पावसाळ्याआधी

मे अखेर बॉक्स भिंतीपासून सुटे करा, पाठ आणि तळ वाळवीसाठी ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का. पोर्टच्या (बॉक्सच्या हवेच्या भोकाच्या) तोंडाला आतून बारीक ॲल्युमिनियमची जाळी लावा, उंदीर कापसासकट घर करतात. चार महिने ॲम्प रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, त्याच्या उबेने आत ओल धरत नाही. वापरात नसलेले सुटे स्पीकर मॅग्नेट खाली, कोन वर असे कोरड्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि कसरीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही जातींची प्लॅस्टिकं मऊ पडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेल्या कागदी कोनाला बुरशी आठवड्यात धरते, सुती कापडात गुंडाळलेला कोन दिवाळीला जसाच्या तसा निघतो.